जुन्या हत्तीचें नाक

मोसंबीचे दिवस आले कीं जालना जिल्ह्यांतील बागांच्या वाटांवर लहान मालट्रकांची वर्दळ सुरू होते. लोक त्यांस ‘छोटा हत्ती’ म्हणतात. या हत्तीस सोंड नाहीं. नाक मात्र आहे. डिझेलच्या जुन्या ट्रकांस तें नसे. पेट्रोलच्या गाडीला धुराच्या नळींत बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर असतो. १९७६ मध्यें बॉश कंपनीचा हा सेन्सर प्रथम व्होल्व्हो मोटारींत बसला.

त्याच्या टोंकाशीं झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या बाहेरून धूर, आंत मोकळी हवा. ती ३०० अंशांपुढें तापली म्हणजे दोन्हींकडील प्राणवायूच्या तफावतीवरून किंचित् वीज उत्पन्न होते. धुरांत प्राणवायू उरला तर ०.१ व्होल्टच्या आसपास, न उरला तर ०.९. एवढ्या खुणेवरून गाडीचा संगणक पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग, वजनानें, असें प्रमाण राखतो.

हें नाक बहुधा एकाएकीं मरत नाहीं, मंदावतें. सांगतें तें खरेंच, पण उशिरां. (पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस अधिक खुलासा नको.) तोंवर पेट्रोल वायां जातें, आणि न जळालेलें इंधन पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत पेटून तें महागडें पात्रच निकामी करतें. मालकाला दिसतो तो फक्त एक पिवळा दिवा.

अंबड रस्त्यावरील एका गॅरेजांत आम्हीं हें काम पाहिलें. चालक घाईंत होता. “मिस्त्री, गाडी तर पळतेय. दिवा तेवढा घालवा.”

“दिव्यावर पट्टी चिकटवतो, भाऊ, फुकट. पण पेट्रोलला काय चिकटवूं?”

त्याची घाई आम्हांस समजत होती. एक खेप चुकली तर दिवसाची मिळकत जाते. तरीही मिस्त्रींनीं आधीं नळीचे सांधे तपासले. फट असली तर बाहेरची हवा आंत शिरते आणि निरोगी सेन्सरही पेट्रोल कमी पडतें असेंच सांगतो. मग आळ नाकावर येतो व नवा भाग व्यर्थ बसतो. ही तपासणी सर्वत्र होत नाहीं, हें आमचें दुःख आहे.

फट नव्हती. मीटर आळसावल्यासारखा हलत होता. इंजिन कोमट असतांनाच, वायरीसाठीं खांच असलेल्या पान्यानें जुना सेन्सर निघाला. नव्याच्या आट्यांस लेप लावला. टोंकाला बोटही लागूं दिलें नाहीं.

चालकानें जुना सेन्सर तळहातावर तोलला आणि विचारलें, “भंगारांत किती येतील?” जालना पोलादाच्या भट्ट्यांचें गांव, प्रश्न रास्तच होता.