मागें राहिलेले धोंडे

सेवानिवृत्तीनंतर आम्हीं सोलापुरांतील भाड्याचें बिऱ्हाड मोडलें व मंगळवेढ्यास वडिलार्जित घरीं राहण्याचें ठरविलें. सामान थोडें, पुस्तकें फार. पुतण्या म्हणाला, "काका, टेंपोचें भाडें कशाला? शेतावरचा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे." पन्नासाहून अधिक किलोमीटरांची वाट, परंतु बचतीचा मोह शिक्षकास सुटत नाहीं. कुटुंबास एस. टी.नें पुढें पाठविलें आणि पौष वद्यांतील एका सायंकाळीं आम्ही ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर बसून निघालों.

तिऱ्ह्याचा सीनेवरील पूल मागें पडला, कामती गेली, आणि जळक्या वंगणाचा वास येऊं लागला. ट्रॉलीचें डावें चाक लटपटत होतें. पुतण्यानें तुंब्यावर पाणी शिंपडलें, तें चर्रकन् उडालें. बेअरिंगमधील वंगण सुकून तें जळालें होतें. इंजिनाचें तेल पाहणारे पुष्कळ, मागून ओढत येणाऱ्या चाकाकडे पाहणारा विरळा. संस्कृतांतील 'अक्ष' तोच आपल्या बैलगाडीचा आंस. त्यास वंगण घातल्यावांचून आमच्या आजोबांची गाडी वेशीबाहेर पडत नसे. त्यांच्या नातवास मात्र शब्दाची व्युत्पत्ति तेवढी ठाऊक!

भ्रमणध्वनीवरून कामतीचा मिस्त्री बोलाविला. उजव्या चाकाच्या पुढेंमागें धोंडे लावले. मागून येणाऱ्यांस कळावें म्हणून रस्त्यावरही पांचसहा मोठे धोंडे ओळीनें मांडले. मिस्त्रीनें जॅकनें ट्रॉली उचलली, चाक उतरविलें, नवें बेअरिंग वंगणानें भरून बसविलें. नट आवळतांना म्हणाला, "चाक हातानें सहज फिरलं पाहिजे, पण हलवलं तर डगडगता कामा नये." थोडें अंतर गेल्यावर तुंबा चांचपून पाहण्यासही त्यानें बजाविलें. दोन तास गेले होते. थंडी वाजत होती. आम्ही त्याचे पैसे चुकते केले आणि घाईनें निघालों.

अर्धा किलोमीटर गेल्यावर आठवण झाली : धोंडे रस्त्यावरच राहिले!

पुतण्या म्हणाला, "सगळेच टाकून जातात, काका. ट्रॉली घेऊन आतां कुठें वळायचें?" त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु तीस वर्षें आम्हीं मुलांना नागरिकशास्त्र शिकविलें होतें. विजेरी घेऊन आम्ही उतरलों आणि अंधारांत मागें चालूं लागलों.

चार धोंडे कडेला लोटले असतील, तोंच मागून एक मोटारसायकल वेगानें आली. आम्हीं विजेरी हलवून ओरडण्यास आरंभ केला. दोनच हातांवर ती थांबली. पुरुष, पाठीमागें त्याची बायको, आणि पुढें टाकीवर शालींत गुंडाळलेलें झोपेंतलें मूल. त्या गृहस्थानें उजेडांत दिसणाऱ्या उरलेल्या धोंड्यांकडे पाहिलें व विचारिलें, "कुणी ठेवली हो ही दगडं, बाबा?"

मुलांना प्रश्न विचारण्यांत आमचा जन्म गेला. उत्तर देणें इतकें कठीण कधीं वाटलें नव्हतें. आम्ही म्हणालों, "आम्हींच."

तो कांहीं बोलला नाहीं. खालीं उतरला, शेवटचे दोन धोंडे आमच्याबरोबर कडेला सारले, आणि निघून गेला. तो रागावला असता तर बरें वाटलें असतें.

वाहन किंवा ट्रेलर धोकादायक स्थितींत रस्त्यावर सोडूं नये, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२२ वें कलम सांगतें. आम्हीं वाहन हलविलें होतें. धोका मात्र तेथेंच ठेविला होता. आपल्या रक्षणास आणलेली वस्तु आपलें काम सरतांच दुसऱ्याच्या जिवावर उठते, हें त्या रात्रीं कळलें.

पुढें बेगमपूरला भीमेच्या पुलाअलीकडे थांबून तुंब्यास हात लाविला. तो थंड होता. हात मात्र अजून कांपत होता.