निवडक

चिरंजीव अमेरिकेला गेले तेव्हा त्यांच्या सीडींचा खोका आमच्याकडेच राहिला. त्यातली 'ईगल्स' या बँडची 'देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१-१९७५' हल्ली मी दुपारी लावतो. (सौ. म्हणते, म्हातारपणी हे काय नवीन!) पहिल्या चार अल्बममधून वेचलेली दहा गाणी, १९७६ च्या फेब्रुवारीत निघालेली. 'हॉटेल कॅलिफोर्निया' तीत नाही, ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलं. तरीही २०१८ साली अमेरिकेतल्या खपाच्या नोंदीत तिने मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'लासुद्धा मागे टाकलं.

माझ्यातल्या मास्तराला मात्र वेगळंच खटकतं. 'डेस्परॅडो' आणि 'टकीला सनराइज' ही गाणी १९७३ च्या 'डेस्परॅडो' अल्बममधली. तो अख्खा अल्बम डूलिन-डाल्टन या जुन्या दरोडेखोरांच्या टोळीभोवती गुंफलेला. इथे गाणी आली, टोळी गेली! पाठ्यपुस्तकात कादंबरीतला उतारा घ्यावा तसं. मग वर्गात एखादा विचारायचाच, "सर, पुढे त्याचं काय झालं?" गंमत म्हणजे 'डेस्परॅडो' तेव्हा सिंगल म्हणून निघालंच नव्हतं. निवडणाऱ्याची नजर चांगली, एवढं कबूल.

मुलाचा रविवारचा फोनही असाच निवडक. बढती, नवी गाडी, नातीला मिळालेलं बक्षीस... मधलं काहीच नाही. आम्हीही इकडून गुडघेदुखी गाळूनच बोलतो म्हणा. असो. या रविवारी त्याला 'डेस्परॅडो'तली उरलेली गाणी विचारणार आहे. सगळी, क्रमाने.