झाकणाचं वजन

भोसरीतल्या त्या छोट्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक वजनकाटा आहे. माणसं त्यावर क्वचितच उभी राहतात. उभे राहतात ते डिकी उघडी धरणारे दांडे. खाच पाडलेला लाकडी ठोकळा काट्यावर ठेवायचा, रॉडचं टोक खाचेत टेकवायचं आणि सिलिंडर दोन्ही हातांनी सरळ खाली दाबायचा. काटा चढत जातो. मग रॉड आत सरकू लागतो आणि काटा एका आकड्याजवळ थबकतो. मिस्त्री तो वाचतात, हात सैल सोडून रॉड बाहेर येऊ देतात, पुन्हा वाचतात. आत जाताना ३८ किलो, बाहेर येताना ३४. हा फरक सीलच्या घर्षणाचा. मधला आकडा ३६, म्हणजे साधारण ३५० न्यूटन.

बाजारात या दांड्याला कुणी शॉकर म्हणतं, कुणी हायड्रॉलिक. उचलण्याचं काम मात्र आत दाबून भरलेला नायट्रोजन करतो. थोडं तेल असतं ते सील ओलं ठेवायला आणि शेवटचा धक्का मंदावायला. म्हणून रॉड खाली येईल असाच दांडा बसवायचा. ८ मिलिमीटरच्या रॉडमधून ३५० न्यूटन जोर येतो, तेव्हा आत मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तीसपट दाब असतो. असा दांडा भोकसायचा नाही, तापवायचा नाही, रॉडला पक्कड लावायची नाही. एक ओरखडा सील खाऊन टाकतो.

गिऱ्हाईक जुना दांडा पुढे करतं: "मिस्त्री, याच जोराचा द्या." सिलिंडरवरचा आकडा वाचता आला तर प्रश्नच मिटतो. पण लेबल पुसलेलं असतं आणि काटा २० किलो दाखवतो. ते २० म्हणजे गॅस गळून उरलेला जोर. तेवढ्याच जोराचा नवा आणला, तर डिकी पहिल्याच दिवशी डोक्यावर येईल.

अशा वेळी मिस्त्री दांड्याला सोडून झाकणाला मोजतात. परवाचीच एक हॅचबॅक. दोन्ही दांडे काढले, मदतनिसाने डिकी पूर्ण उघडी धरली, कडेला ताणकाटा अडकवला: ८ किलो. बिजागरीपासून कड ९० सेंटिमीटर. दांड्याची रेघ बिजागरीपासून काटकोनात मोजली तर फक्त १२. म्हणजे ८ किलोचे दांड्यांपाशी ६० झाले, दोघांत ३०-३०. वर पाचवा हिस्सा वाढवून ३६. पुन्हा तेच ३५० न्यूटन.

ही वाढ हौसेची नाही. तापमान १० अंशांनी उतरलं की गॅसचा जोर तीन-साडेतीन टक्क्यांनी घटतो. एप्रिलच्या दुपारी टेचात उभी राहणारी डिकी जानेवारीच्या पहाटे हळूच खाली येते, ती याचमुळे. मात्र जास्त जोर म्हणजे चांगला दांडा, हा समज मिस्त्रींना मुळीच पटत नाही. फाजील जोराने पत्रा वाकतो, प्लायवूडमधले स्क्रू उपटून येतात.

हेच दांडे हायड्रॉलिक बेडची फळीही उचलतात, पण तिथलं दुखणं निराळं. एका घरी दांडे ठणठणीत होते, तरी फळी वर टिकेना. चौकशी केली तेव्हा कळलं, दिवाळीत फोमची गादी जाऊन काथ्याची जड गादी आली होती. मिस्त्रींनी गादीसकट फळी तोलली, दांड्यांची जोडी बदलली. एकच बदलला तर फळी पिळवटते. मग खोक्यात वाकून प्लायवर पेन्सिलने लिहिलं: कडेला १४ किलो, गादीसकट.