उसवणें आणि शिवणें

विणकाम-शिवण हा रिकाम्या वेळचा उद्योग होय, असें पुष्कळ पुरुषमंडळी मोठ्या गंभीरपणें सांगत असतात. त्यांपैकीं एकानेंही बाही खांद्याला जोडून पाहिलेली नसते, हें उघड आहे. आमच्या घरीं लहानथोर मिळून चौदा माणसें. रिकामा वेळ कोणाच्याच वांट्याला फारसा येत नाहीं. तरीही माजघराच्या कोनाड्यांतली टोपली रिकामी झालेली आम्हीं कधीं पाहिली नाहीं. एखादें अर्धें झबलें, लोकरीचे दोन गुंडे, काजें करावयाचा राहिलेला सदरा आणि तळाशीं सासूबाईंचें अंगुस्तान, इतका ऐवज तींत असावयाचाच.

एकटें बसून विणण्याचें सुख कांहीं निराळेंच आहे. दुपारीं मागचें आवरलें, मुलें शाळेंत गेलीं, म्हणजे ओटीवर उजेडाला बसावें. एक सुलट, एक उलट अशी साधी वीण एकदां हाताला बसली कीं मन मोकळें होतें. सकाळीं कोण काय बोललें याची आठवण येते खरी, पण दहा ओळी होईतों तिची धार गेलेली असते. नक्षीची वीण असेल तर मात्र मोजणी चुकतां कामा नये. अशा वेळीं कोणी 'दूध किती शेर घ्यावयाचें?' म्हणून विचारलें, तर 'सेहेचाळीस' असें उत्तर जाण्याचा संभव असतो. आमच्या धाकट्या जाऊच्या तोंडून तें एकदां गेलेंही आहे.

या कामांत चुका व्हावयाच्याच, पण चुकीचुकींत फरक असतो. सुईवरून टाका गळला कीं नवशिकीचा जीव घाबरा होतो. वास्तविक विणींतला प्रत्येक टाका आपल्या खालच्या टाक्यांतून वर आलेला असतो. म्हणून गळलेला टाका सरळ आपल्याच रांगेनें खालीं उतरतो, आणि क्रोशाच्या आंकडीनें त्याला एकेक पायरी वर आणतां येतें. कापडाचें तसें नाहीं. नवें मांजरपाट न भिजवितां बेतलें आणि पहिल्याच धुण्याला तें आटलें, तर तेथें कोणतीच आंकडी चालत नाहीं. रात्रभर पाण्यांत ठेवून, वाळवून, मगच कात्री लावावी, हें सासूबाईंनीं आम्हांला पहिल्याच वर्षीं शिकविलें.

धाकटी जाऊ नवी आली तेव्हां तिनें पुतणीसाठीं छापील चिटाचें पोलकें बेतलें. दोन्ही बाह्या कापडाची तीच बाजू वर ठेवून कापल्या. त्या दोन्ही डाव्या हाताच्या निघाल्या, आणि कापड तर संपलेलें. बायकांच्या कामांत कधीं न बोलणारे मामंजी झोपाळ्यावरून म्हणाले, "मुलगी डावखुरी निघाली तर सोय झाली." बिचारी रडण्याच्या बेतांत होती, ती हंसूं लागली. शेवटीं निळ्या साध्या कापडाच्या बाह्या लावल्या. आणि पुढें महिनाभर घरांतल्या इतर मुलींनीं 'आम्हांलाही निराळ्या रंगाच्या बाह्या हव्यात' म्हणून हट्ट धरला.

सर्वांत मौज होते ती एका कपड्यावर दोन हात पडले म्हणजे. थोरल्या जाऊबाईंनीं आपल्या मुलासाठीं स्वेटर सुरू केला. त्यांचा हात आवळ, इंचाला ७ टाके. सुईवर ८४ टाके, म्हणजे पाठीची रुंदी १२ इंच. मध्येंच वडिलांच्या दुखण्यासाठीं त्यांना माहेरीं जावें लागलें, थंडी तर दाराशीं आलेली. म्हणून उरलेलें काम धाकटीनें हातीं घेतलें. तिचा हात सैल, इंचाला ६ टाके. लोकर तीच, सुया त्याच, टाकेही तितकेच. पण रुंदी झाली १४ इंच. जाऊबाई परत आल्या त्या दिवशीं धाकटी स्वेटर पाठीमागें लपवून उभी राहिली. जाऊबाईंनीं तो उलगडला, आपला हात जेथें संपला तेथें बोट ठेवलें आणि म्हणाल्या, "असूं दे ग. खांद्याला त्याच्या जागा हवीच होती." मुलानें तो तीन हिंवाळे घातला.

घरांत शिवणयंत्रही आहे. यंत्रांविरुद्ध इतकें बोलणाऱ्या महात्माजींनीं १९२४ सालीं एका संभाषणांत सिंगरच्या या यंत्राला अपवाद म्हणून मोकळें सोडलें होतें. त्याच्या मुळाशीं बायकोवरचें प्रेम आहे, असें त्यांचें म्हणणें. सिंगरचें पेटंट १८५१ चें. प्रेमाचें असो, आम्हांला त्या यंत्राची एकच अडचण वाटते. त्याची टीप कोणाच्या हातची हें ओळखतां येत नाहीं, आणि ती उसवतां उसवतां डोळे जातात.

गोधडी मात्र आमच्याकडे यंत्रावर कधींच शिवली जात नाहीं. तें काम सासूबाईंचें. पुष्कळ धुण्यांनीं मऊ झालेलीं नऊवारी लुगडीं एकावर एक घालावयाचीं आणि बोटभर अंतरानें धावदोऱ्याच्या ओळी ओढावयाच्या. धाकटीचे दिवस भरत आले तेव्हां सासूबाईंचा मोतीबिंदूही पिकत आला होता. डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेचा दिवस दिला होता, पण तोंवर थांबण्यास त्या तयार नव्हत्या. "बाळ कांहीं माझ्या डोळ्यांसाठीं थांबायचें नाहीं," असें म्हणून त्या बोटांनीं चांचपून शिवीत बसत. ओळी वांकड्या जात, कोठें एकमेकींना भेटत, कोठें चार बोटें दूर पळत.

थोरल्या जाऊबाईंना तें पाहवेना. "बारशाला चार बायका येतील, सासूबाईंच्या हाताला कोणी हंसलें तर?" आम्हांला हें पटत नव्हतें, तसें आम्हीं बोललोंही, पण त्यांच्या मनांत प्रेमावांचून दुसरें कांहीं नव्हतें. रात्रीं सर्व निजल्यावर त्यांनीं तीन ओळी उसवल्या आणि दोरीसारख्या सरळ घातल्या. सकाळीं सासूबाईंनीं गोधडी मांडीवर घेतली, बोटें फिरविलीं, आणि एके ठिकाणीं थांबल्या. "ह्या ओळी माझ्या नव्हेत."

कोणी बोलेना. त्या रागावल्या नाहींत. जाऊबाईंकडूनच कात्री मागून घेतली, नखानें एकेक टाका शोधून तिन्ही ओळी उसवल्या, आणि दुपारभर बसून पुन्हां आपल्या हातानें शिवल्या, पहिल्याइतक्याच वांकड्या. जाऊबाई सारी दुपार त्यांना सुई ओवून देत शेजारीं बसल्या होत्या.

बारशाला बायका आल्या. हंसल्या असतील तर आम्हांला ऐकूं आलें नाहीं. पुढें चार महिन्यांनीं सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला, आणि एके दिवशीं पाळण्यांतल्या गोधडीवर त्यांची नजर गेली. "अग बाई, ही कोणीं शिवली म्हणायची! आणा ती कात्री." पण तोंपर्यंत बाळानें गोधडीचें एक टोंक मुठींत धरून तोंडांत घातलें होतें, आणि तें कांहीं केल्या सोडीना.