सिस्टरमावशी

शहाडच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना सिस्टरमावशी म्हणत. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात आयुष्य काढून त्या निवृत्त झालेल्या. माझा दादा आज हिंडतोफिरतो, ते त्यांच्यामुळं.

२६ जुलै २००५ला उल्हास नदी वस्तीत शिरली. पाणी ओसरल्यावर घरोघर ताप. दादाचाही त्यातलाच, असं डॉक्टरांनी धरलं. पण बाकीचे उठले, दादा सुकतच गेला. संध्याकाळी कणकण, मानेत गाठी, घास गिळताना डोळ्यांत पाणी. मावशींनी त्याला दाराशी उजेडात आणून ‘आ’ करायला लावलं. टाळ्यावर पांढरा थर होता. कापसानं पुसला तर खाली लालभडक. “तरण्या माणसाच्या तोंडात ही बुरशी उगाच येत नाही. उद्या रक्त तपासा,” एवढंच म्हणाल्या.

एचआयव्ही निघाला. रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी शंभराच्याही खाली. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्हीवरची, एआरटीची औषधं १ एप्रिल २००४पासून जे. जे. रुग्णालयात मोफत मिळू लागली होती. आईला ती त्याच दिवशी हवी होती. मावशींनी तिला थोपवलं: मानेतल्या गाठी टीबीच्या आहेत, आधी त्याचं औषध अंगी लागू दे. सोबत रोज सल्फाची एक स्वस्तातली गोळी. न्यूमोनिया त्या गोळीनं दूर ठेवला, असं मी आजही मानतो. महागड्या टॉनिकच्या बाटल्या मात्र नुसत्याच फळीवर राहिल्या.

एआरटी सुरू झाली आणि गाठी दुप्पट सुजल्या, ताप उलटला. आई गोळ्या फेकायलाच निघाली. मावशी म्हणाल्या, “झोपलेले शिपाई जागे झालेत गं, दडलेल्या टीबीवर तुटून पडलेत. गोळ्या थांबवू नकोस, पण डॉक्टरांना आजच दाखव.” त्याच दुपारी लोकलनं भायखळ्याचं जे. जे. गाठलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सूज उतरायचं औषध जोडलं, बाकीचं चालू ठेवलं.

चाळीत कोणी विचारलं की मावशी सांगत, “गाठींचा टीबी आहे.” खोटं नव्हतंच ते. पुढचं कुणाला कधी कळलं नाही.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. दिवाळीला आईनं साडी नेली, ती मात्र घेतली. आणि दुसऱ्या दिवशी रंग पसंत नाही म्हणून आईलाच बदलून आणायला लावली.