देण्याच्या साड्या

उन्हाळ्याच्या सुट्टीला आता 'इंटर्नशिप' असे भारदस्त नाव मिळाले आहे. माझ्या एका मैत्रिणीने मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका मोठ्या वस्त्रदालनात महिना काढला. परत आली ती तोंडात 'मर्चंडायझिंग' हा शब्द घेऊनच. कोणता माल, किती, कोणत्या हंगामात मागवावा, कोणत्या फळीवर मांडावा आणि काय भावाने विकावा, या सगळ्या विद्येचे म्हणे ते नाव! मी तिचे सारे ऐकून घेतले आणि मनाशी हसले. कारण त्याच एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे 2025 च्या लग्नसराईत, मी हीच विद्या आळेफाट्याच्या एका कापडदुकानात गादीवर मांडी घालून शिकत होते. गळ्यात ओळखपत्र नव्हते, एवढाच काय तो फरक.

आळेफाटा म्हणजे दोन रस्त्यांची गाठ. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर (आता अहिल्यानगर) हे रस्ते इथे एकमेकांना छेदून जातात. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या कथेतल्या रेड्याची समाधी जवळच आळे गावात आहे. फाट्यावर मात्र माणसे येतात ती बहुधा कांदा विकायला, नाहीतर कापड घ्यायला. या दोन कामांचा एकमेकांशी किती घट्ट संबंध आहे, हे मला दुकानात बसल्यावर उमगले. सकाळी दुकान उघडले की आमचे शेठ देवाला उदबत्ती लावीत आणि लगेच बाजार समितीच्या आवारात कुणाला तरी फोन करीत, "आज काय निघाला?" कांद्याचा भाव कळला की कोणत्या थप्प्या पुढे काढायच्या ते ठरे. भाव बरा असेल तर सेमी पैठणी पुढे. भाव पडला असेल तर सुरतेचा माल. याला मर्चंडायझिंग म्हणायचे नाही तर काय?

पहिल्या आठवड्यात मी फक्त घड्या घातल्या. साडी उलगडायला क्षण पुरतो, पण पुन्हा तशीच घडी बसवायला हात तयार व्हावा लागतो. दुसऱ्या आठवड्यात दुकानातल्या जुन्या मामांनी मला चिठ्ठीवरची सांकेतिक अक्षरे शिकवली. दहा अक्षरांचा एक शब्द, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. त्यावरून साडीची खरेदी किती हे आम्हाला कळते, गिऱ्हाइकाला कळत नाही. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. खाल्ल्या मिठाला जागले पाहिजे!

मोठ्या दालनांचा इतिहास मी नंतर वाचला. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात आरिस्तिद बूसिको या गृहस्थाने 1852 पासून नवी रीत रुजवली. किंमत ठरलेली, मालाला हात लावून पाहायची मुभा, न आवडल्यास परत. अशाच एका दुकानावर एमिल झोलाने 1883 साली कादंबरी लिहिली. आपल्याकडे 1991 साली अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप' निघाले, आणि पुढे अशी दालने जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. झोलाच्या कादंबरीतल्या बायका कापडाच्या मोहात पडून गरजेपेक्षा जास्त खरेदी करतात. आमच्या गादीवर खरेदी गरजेपेक्षा जास्तच होई, पण मोहाचा त्यात लवलेशही नसे.

कारण आमच्याकडे येई तो बस्ता. लग्न ठरले की दोन्हीकडची पंचवीस-तीस माणसे जीप भरून येतात. नवरीचा शालू, हळदीची साडी, करवलीची, देवाची, विहिणीची, अशी यादी सुरू होते. तोवर सगळे हौसेने चाललेले असते. मग मामा हळूच विचारतात, "पाव्हणं, आता देण्याच्या काढू का?"

हा शब्द मी तिथेच प्रथम ऐकला. दुकानात साड्या दोन जातींच्या असतात, नेसण्याच्या आणि देण्याच्या. नेसण्याची साडी अंगावर लावून, आरशात पाहून, पदर उजेडात धरून घेतात. देण्याची साडी कुणी उलगडूनही पाहत नाही. गठ्ठा समोर आला की फक्त मोजायचा. ती आहेरात जाते, घेणारी ती कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते. पुरुषांच्या टॉवेल-टोपीचीही तीच गत. मामा एकदा मला म्हणाले, "पोरी, या साडीला अंग ठाऊक नसतं. तिला फक्त पिशवी ठाऊक."

मेच्या सुरुवातीला आलेला एक बस्ता माझ्या ध्यानात राहिला आहे. मुलीचे वडील गल्ल्याजवळ उभे राहून खिशातल्या कागदावर काहीतरी मांडत होते. शेठना म्हणाले, "दहा किलोला सव्वाशे मिळाले अवंदा." बस्स, एवढेच. घासाघीस केली नाही. त्यांच्या यादीत देण्याच्या साड्या होत्या साठ, साडेतीनशेची एक. संध्याकाळी घड्या घालताना मी मनाशी हिशेब केला. एकवीस हजार रुपये. किलोला साडेबारा या भावाने 1,680 किलो कांदा. पन्नास किलोची गोणी धरली तर चौतीस गोण्या. चौतीस गोण्या कांदा, कुणीही न नेसायच्या साड्यांसाठी! त्याच महिन्याच्या अखेरीस पाऊस अवेळी कोसळला. 26 मेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. शेतातला आणि चाळीतला कांदा भिजला. ते गृहस्थ मला त्या दिवशी राहून राहून आठवत होते.

हा हिशेब मला परका राहणे शक्यच नव्हते. आमचाही कांदाच आहे, आणि येत्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न आहे. घरी जाऊन मी आईची पत्र्याची पेटी उघडली. देण्याच्या साड्या निघाल्या एकतीस. सगळ्यांच्या घड्या दुकानातल्या घड्या, एकदाही न मोडलेल्या. मी विजयी मुद्रेने म्हणाले, "पाहिलंस आई? सगळा पैसा वाया."

आईने एकेक साडी हातात घेतली. "ही तुझ्या धाकट्या मावशीची. ही तुझ्या आत्याच्या जावेनं दिली, तेव्हा त्यांच्याकडे बोलणं सुरू झालं. ही तुझ्या मामाची शेवटची." एकतीसच्या एकतीस तिने ओळखल्या. चिठ्ठीवरची अक्षरे मला वाचता येत होती खरी, पण आई वाचत होती ती लिपी मला कुठल्याच दुकानात शिकायला मिळाली नसती. साडी नेसायची नसतेच. कोण कुणाचे, याची ती नोंद असते. वाया गेले म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ती नोंद पुसून टाकायचा अधिकार मला कोणी दिला?

तरीही चौतीस गोण्या डोळ्यांपुढून हलेनात. नोंद हवी, हे मान्य. पण वही इतकी महाग का असावी? तोड आईनेच काढली. तिच्या आजीच्या वेळी आहेर म्हणजे खण आणि नारळ. साडी सख्ख्यांपुरती. खणाने कुणाचे नाते तुटल्याचे तिने ऐकले नव्हते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपण कमी केलं तर पोरीला सासरी बोल लागंल. त्याचा हिशेब तुझ्या कागदावर हाय का?" नव्हता. अजूनही नाही.

ताईने मात्र कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या हाताने यादी केली. साड्या बावीस, बाकी खण-नारळ. खाली लिहिले, 'दोन्हीकडून सारखेच'. गेल्या रविवारी मामा ती यादी घेऊन व्याह्यांकडे गेले आहेत. विहीणबाईंनी ती वाचली, चहा दिला आणि "घरात बोलून कळवते" म्हणाल्या, एवढेच आम्हाला कळले आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर उत्तर आलेले असेल. आत्ता तरी घरात फोन वाजला की आम्ही चौघेही एकमेकांकडे पाहतो.

(तृतीय वर्ष, कला)