कंचं गाव?

मुलानं यादी पाठवली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी उसाला पाणी देत होतो. त्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाइट होती. दारं मोडून बांधावर टेकलो आणि फोन उघडला. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, स्वित्झर्लंड, रोम, बार्सिलोना. खाली लिहिलं होतं, "आबा, तीस दिवस, दहा देश. आईला दाखवा."

मुलगा सहा वर्षं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला नोकरीला आहे. आम्ही दोघांनी एकदा महिनाभर यावं आणि त्यानं सगळं युरोप दाखवावं, असा त्याचा हट्ट. पोराची हौस मोठी. आम्हांलाही यादी वाचून बरं वाटलं.

सकाळी चहा घेताना हिला वाचून दाखवली. तिनं चूल सारखी करत विचारलं, "आवं, अष्टविनायक इसरला काय?"

मी गप्प झालो. बारा वर्षांपूर्वी गावातल्या लोकांबरोबर गाडी करून दोन दिवसांत आठ गणपती केले होते. रांग, दर्शन, नारळ, की पुन्हा गाडीत. घरी आल्यावर पोरांनी विचारलं, लेण्याद्रीला पायऱ्या किती? महडला काय पाहिलं? एकाचंही उत्तर देता येईना. डोक्यात राहिली ती फक्त गाडीतली गाणी आणि रांजणगावला हरवलेली चप्पल.

"धा द्येस म्हंजे तसंच हुनार," ती म्हणाली. "जिथं जायाचं तिथं का जायाचं, त्ये एका वाक्यात सांगा. न्हाई सांगता आलं तर खोडा."

मग साखर कारखान्याच्या पावतीच्या मागं मी हिशेब मांडला. मुलानंच फोनवर समजावलं होतं, की एक शहर बदललं की एक दिवस जातो. खोली सोडायची, बॅगा ओढत स्टेशन गाठायचं, नवी खोली शोधायची, ती दुपारशिवाय मिळत नाही. दहा ठिकाणं म्हणजे नऊ बदल. तीसातले नऊ दिवस बॅगा ओढण्यातच जाणार.

पहिलं लंडन खोडलं. त्याला वेगळा व्हिसा लागतो. बाकीच्या देशांना शेंगेनचा एकच व्हिसा चालतो आणि ज्या देशात जास्त रात्री राहायचं, त्या देशाकडं अर्ज करायचा. आमचा मुख्य मुक्काम मुलाकडंच, म्हणून अर्ज नेदरलँड्सचा. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बर्लिन, बार्सिलोना ही गावं चांगलीच असणार, पण त्यांच्यासाठी आमच्याकडं वाक्य नव्हतं. खोडताना जीव थोडा खाली-वर झाला. फुकट मिळालेलं टाकल्यासारखं वाटलं.

महिना कोणता हे ठरवायला वेळ लागला नाही. गहू, हरभरा निघाल्यावर जायचं आणि मृगाच्या आत परत यायचं. म्हणजे एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य. मुलगा म्हणाला, "आबा, बरोबर निवडलं. जुलै-ऑगस्टमध्ये इथं गर्दी फार आणि सगळं महाग." शेतकऱ्याचं पंचांग तिकडंही उपयोगी पडलं.

हिची वाक्यं तयार होती. नेदरलँड्स? पोराचं घर आणि तिथल्या गाई बघायच्या. पॅरिस? "आल्यावर गावात पयला प्रश्न त्योच इच्यारत्यात." स्वित्झर्लंड? "सगळ्या पिच्चरात बघितलंय, एकदा खरा बरफ हातात घ्यायचाय." माझं एक वाक्य आळसमीरच्या फुलबाजारासाठी होतं. पहाटे तिथं लिलाव चालतो आणि आमच्या मार्केट यार्डासारखीच घाई असते, असं मुलगा सांगायचा. रोम राहिलं, कारण परतीचं विमान तिथनं धरलं तर मागं फिरावं लागत नव्हतं. एका टोकाला उतरायचं, दुसऱ्या टोकानं निघायचं.

मग मी जे नाव यादीत नव्हतंच, ते म्हटलं. इटली, पण रोमच्या अलीकडचं. कुठलं गाव, ते मलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. लग्नाला सहा महिने झाले आणि ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले, ते आलेच नाहीत. 1945 साली तार आली. धाकटी आजी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती अंगठा उठवून पेन्शन घेत होती. मी लहानपणी तिच्याबरोबर तालुक्याला जायचो. येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून म्हणायची, "मेलं म्हनून कागुद आला, पर कंच्या गावाला मेलं, त्येवढं कुनी सांगितलं न्हाई."

हे मुलाला सांगितलं. तो दोन मिनिटं बोलला नाही. आठवड्यानं रात्री त्याचा फोन आला. महायुद्धातल्या मृतांच्या नोंदी आता इंटरनेटवर बघता येतात. आडनावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून त्यानं शोधलं होतं. पलटण मराठा लाइट इन्फंट्री, एप्रिल 1945. इटलीतलं युद्ध संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. सेनिओ नदीवर ज्या लढाईत नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना बाहेर काढलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेच दिवस. नाव कोरलंय फोर्ली नावाच्या गावात. ज्यांचं दहन झालं, त्या हिंदू आणि शीख जवानांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत.

"आबा, अजून एक," मुलगा म्हणाला. "नोंदीत पुढं लिहिलंय, अमुक गाव, सातारा, इथल्या अमुक बाईचे पती." ते धाकट्या आजीचं नाव होतं. तिचं नाव-गाव तिकडच्या कागदावर होतं. तिकडच्या गावाचं नाव मात्र तिच्यापर्यंत आलं नाही.

मग यादी पाच ठिकाणांवर आली. मुलाकडं दहा रात्री, पॅरिस चार, लुत्सर्न पाच, बोलोन्या पाच, रोम पाच. बोलोन्याहून फोर्ली रेल्वेनं तासाभराच्या आत येतं. तिथं कुठलीच सहल कंपनी नेत नाही.

व्हिसाच्या वेळी यंत्रावर हिचे ठसे उमटेनात. खुरपं धरून आणि भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या पोरीनं चार वेळा पुसून दाबायला लावलं. मला धाकट्या आजीचा शाईत बुडवलेला अंगठा आठवला.

न्यायचं काय, हाही प्रश्न होता. कंदी पेढे नेता येत नाहीत, दुधाचं काही युरोपात चालत नाही. मातीही चालत नाही. हिला शेतातली मूठभर माती न्यायची होती, ती तिनं परत बांधावर टाकली.

पॅरिस पाहिलं, फोटो काढले. बर्फ हातात घेतला. 57 किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यातनं इटलीकडं उतरलो. बोलोन्यापासनं पुढं रुळांच्या दोन्ही बाजूला द्राक्षवेली आणि फळबागा लागल्या. ही खिडकीकडं तोंड करून बसली होती. म्हणाली, "रान आपल्यावानीच हाय की."

स्मारकावर नाव सापडायला वेळ लागला. इंग्रजीत ते भलतंच दिसत होतं. मी वाचून दाखवलं, मग तिनं अक्षरांवरनं हात फिरवला. तिथं दुसरं कुणी नव्हतं. निघताना ती वळली आणि आमच्या गावाकडं सांगतात तसं मोठ्यानं म्हणाली, "आजी, फोर्ली. गावाचं नाव फोर्ली हाय."

परत आल्यावर लोकांनी विचारलं, किती देश केले? मी चार सांगितले. एकजण म्हणाला, महिनाभरात चारच?

मी म्हटलं, चारच.